माळावर प्लॉट पाडणारे सर

या लेखाची सुरुवात मी एका तक्रारीने करतो. गौरवग्रंथात तक्रार शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ती ऐकून घेणारे एवढे सन्माननीय लोक पुन्हा एके ठिकाणी सापडणे कठीण. तक्रार अशी, की प्रा. किशनराव हनवते यांच्या सहवासात आल्यापासून माझ्या मालकीची एकही पँट कुसळांवाचून राहिलेली नाही. कुसळ म्हणजे माळावरच्या कुसळी गवताचे बी. त्याला पुढे सुईसारखे टोक आणि मागे पिळाची शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि टोक मळसूत्रासारखे आत शिरते. निसर्गाने ही योजना जमिनीसाठी केली होती. सरांनी ती आमच्या पायमोज्यांना लागू केली. माझ्या साखरपुड्यात, दोन्हीकडची मंडळी समोर बसलेली असताना, मी पाटावरून वाकून घोट्यापाशी काय शोधत होतो, हा प्रश्न सासरच्या लोकांनी अद्याप सोडलेला नाही.

संपादक मंडळाने फोन करून बजावले आहे, की लेख 'आदरपूर्वक' असावा, 'तुमच्या सदरासारखा' नसावा. नांदेडच्या एका वर्तमानपत्रात मी आठवड्याला एक सदर लिहितो आणि त्यात आदरपूर्वक असे फारसे काही नसते, हे खरे आहे. तरी प्रयत्न करतो. सर साठ वर्षांचे झाले, महाविद्यालयातून निवृत्त झाले, आणि त्यांच्याविषयी वाकडे लिहावे असे मला बराच विचार करूनही काही सापडले नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने याहून मोठे प्रशस्तिपत्र काय द्यावे?

सरांची पहिली भेट लातूरच्या महाविद्यालयात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला झाली. वनस्पतिशास्त्र मी आवडीने घेतले नव्हते. बाकीच्या विषयांनी मला घेतले नव्हते. सर तेव्हा तिशीत होते. मूळचे हदगाव तालुक्यातले. आईवडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. वडील दुसऱ्यांच्या रानात कामाला जात आणि आई हदगावच्या बाजारात गवताचे भारे विकत. सर घरातले पहिले पदवीधर. नोकरी तात्पुरती होती. दर जूनला नवा आदेश निघे, आणि तो निघेपर्यंत सर मे महिनाभर शांत राहण्याचा सराव करीत.

पहिल्या तासाला ते वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातात खडू नव्हता, विळा होता. मागच्या दाराजवळची दोन पोरे सावधपणे उठली. सरांनी विळा टेबलावर ठेवला आणि पहिल्या बाकावर बसण्याची चूक केलेल्या माझ्याकडे पाहिले.

"मालक," ते म्हणाले. सर प्रत्येक विद्यार्थ्याला मालक म्हणत, मग त्याच्या पायात चप्पल असो वा नसो. "मालक, तुमच्या गावाकडं माळ आहे का?"

"हाय की सर."

"त्यावर दरसाल गवत किती येतं?"

"लई येतं, सर."

"लई म्हणजे किती?"

"न्हाई मोजलं कुणी."

"बरोबर. कुणीच मोजलं नाही. रविवारी मोजू."

"रविवारी सुट्टी असती, सर."

"गवताला नसती," सर म्हणाले, आणि हजेरी घ्यायला लागले.

अशा रीतीने आम्ही निलंगा रस्त्यावरच्या कोरेवाडीच्या गायरानात जाऊन पोचलो. गायरान म्हणजे सगळ्या गावाच्या चराईचा माळ. मुरमाड जमीन, वीतभर माती, पावसाळ्यात घोट्याएवढे गवत आणि उन्हाळ्यात नुसते दगड. सरकारी दप्तरात त्याला 'पडीक' म्हणत. सरांना हा शब्द सहन होत नसे. "हे पडलेलं नाही, उभं आहे," असे ते म्हणत. "आपण वाकून बघत नाही म्हणून पडलेलं दिसतं."

त्यांचा प्रश्न साधा होता. दरसाल या माळावर गवत एका मर्यादेपर्यंतच वाढते आणि थांबते. ते कशापायी थांबते? जमिनीत अन्न कमी आहे म्हणून, की पाणी कमी आहे म्हणून? "माळाला भूक लागलीय का तहान, एवढंच विचारायचंय," सर म्हणत. विचारण्याची पद्धत अशी : माळावर सारखे चौकोन आखायचे. काहींना नत्र द्यायचे, काहींना स्फुरद, काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. या शेवटच्यांना सर 'कोरा' म्हणत. पाऊस संपता संपता प्रत्येकातले गवत कापायचे, जातवार वेगळे करायचे, वाळवायचे आणि तोलायचे. कोऱ्यापेक्षा जिथे जास्त भरेल, तिथे उत्तर.

इथे त्या दिवसांचा खुलासा केला पाहिजे. उस्मानाबादेतून वेगळा काढून लातूर हा नवा जिल्हा नुकताच झाला होता. पाट्या रंगवणाऱ्यांना सुगी आली होती आणि शहरात जो तो प्लॉटविषयी बोलत होता. चहाच्या गाड्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, मयताला गेलेल्या मंडळीत, "कुठं घेतलाव?" आणि "किती बाय कितीचा?" या दोन वाक्यांनी नमस्काराची जागा घेतली होती. कलेक्टर कचेरी कोणीकडे होणार याचा अंदाज बांधून शहाणी माणसे बाभळीचे बन विकत घेत होती. अशा हंगामात एक प्राध्यापक गावाच्या गायरानात येतात, खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात, आणि पोरांना लांबून ओरडून सांगतात, "मालक, तो रस्त्याकडचा प्लॉट नीट मोजा!"

उरलेली कसर 'खत' या शब्दाने काढली. आमच्याकडे शेणखत जसे खत, तसेच खरेदीखत, बक्षीसखत, गहाणखत हेही खतच. निजामाच्या अमदानीत शाळा शिकलेल्या म्हाताऱ्यांना तर पोस्टाने येते तेही खत.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा माळावर निम्मे गाव उभे होते. पुढे सरपंच तुकाराम पाटील, आणि त्यांच्याही पुढे गयाबाई. गयाबाईंना ना जमीन होती ना नवरा; शेळ्या होत्या, आणि शेळ्यांना हा माळ होता. हातात काठी होती आणि ती शेळ्यांसाठी आणलेली दिसत नव्हती.

"या सर," पाटील म्हणाले. "प्लॉट पाडलाव म्हणं."

"पाडले की. मागच्या रविवारीच," सर आनंदाने म्हणाले. माणसे आपण होऊन संशोधनात रस घेतात, हे त्यांना नवीन होते.

"आन् खत?"

"निम्म्यांचं झालं. निम्म्यांचं आज करू."

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला.

"कुणाकुणाच्या नावानं?" पाटलांनी विचारले.

सरांना वाटले, पाटील प्रकार विचारतात. "एक नत्राचा, एक स्फुरदाचा, एक दोघांचा मिळून."

"ह्यो स्फुरद कोन?" गयाबाई म्हणाल्या. "हितला न्हाई वाटतं."

"आन् त्यो टोकाचा, सुतळीतला?" पाटलांनी विचारले.

"तो कुणाचाच नाही. तो कोरा ठेवलाय."

"बघा!" मागून कोणीतरी म्हणाले. "कोरा बी ठिवलाय. म्होरं पायजे ती नाव घालायला."

"सर," एक तरुण पुढे सरकून हळूच म्हणाला, "सडकंकडंचा कोपरा आपल्याला ऱ्हाऊ द्या. पानटपरी टाकावं म्हणतो."

गयाबाईंनी त्याला काठीने मागे सारले. "टपरी टाकतंय! आरं, म्या शेळ्या कुठं न्याव्या? तुमाला वावरं हायती. माझं वावर ह्योच." मग त्या सरांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज उतरला. "मास्तर, शिकलेला दिसतूस. गरिबाचा माळ कागदावर घिऊन काय करशीला रं बाबा?"

तेव्हा सरांच्या ध्यानात आले. ते हसले नाहीत. ही गोष्ट मी पुढे पुष्कळ वेळा आठवली आहे. आम्ही सगळे हसत होतो. सर खाली बसले, पिशवीचे तोंड सोडले, मूठभर पांढरे दाणे काढून गयाबाईंच्या तळहातावर ठेवले. "मावशी, हे खत. दुसरं कसलंच नाही. आणि प्लॉट म्हणजे हे एवढे चौकोन, गवत मोजायला. माझ्या शब्दामुळं ह्या माळावर तुमच्या शेळ्यांना बंदी येणार नाही."

पाटलांनी दाणे चिमटीत घेऊन पाहिले आणि वैतागले. "मंग युरिया म्हणावं की राव! एवढं शिकून बोलाया येईना?"

"आन् ह्या चौकोनात शेळी जाऊ न्हाई म्हणतूस ना?" गयाबाईंनी विचारले. "मंग सुतळी कशाला बांधलीस? शेळी वाचती व्हय सुतळी?"

त्या दिवसापासून गयाबाईच राखण करू लागल्या. सरांनी 'प्लॉट' हा शब्द सोडला. ते 'चौकोन' म्हणू लागले, आणि खताला 'खुराक'. आमच्या वह्यांत शेवटपर्यंत 'नत्राचा खुराक' असेच लिहिले गेले आणि विद्यापीठाच्या परीक्षेत त्याचे जे व्हायचे ते झाले.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला. दोन्ही खुराक मिळालेल्या चौकोनांत मारवेल गवत कमरेला लागले. कोऱ्यात ते गुडघ्याच्या खालीच राहिले. कोरेवाडीने तोंडात बोट घातले आणि आमच्या प्राचार्यांनी फोटोग्राफर घातला. सर मात्र गुडघ्यावर बसून मारवेलाच्या बुडात हात घालून काही शोधत होते. "रानमेथी नाही इथं," ते म्हणाले. "पवना नाही. कोऱ्यात हे सगळं आहे. मालक, एकट्यानं जेवायला बसून बाकीच्यांना पंगतीतून उठवलंय."

फोटो नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत पोचला. तिथल्या एका साहेबांना पडीक जमिनी सुधारण्याची योजना राबवायची होती आणि कोरेवाडीचा माळ त्यांना पसंत पडला. सगळ्या माळाला तारेचे कुंपण, सगळ्या माळावर खत, चराई बंद, आणि गवत कापून विकण्याला समिती. समितीचे अध्यक्ष पाटील होणार होते, त्यामुळे त्यांचे मत एव्हाना बनले होते. योजना मंजूर व्हायला फक्त एका तज्ज्ञाचा दाखला हवा होता, की खताने माळाचे उत्पादन वाढते. तज्ज्ञ म्हणजे सर. प्राचार्यांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावले आणि दाखला दिला तर येत्या जूनचा आदेश कायमचा निघेल, असे सांगितले. दार लावले होते, पण आमच्या महाविद्यालयाच्या दारांना लाकडापेक्षा फटी जास्त होत्या.

सर एवढेच म्हणाले, "अजून एक पावसाळा बघू द्या." त्या जूनला पुन्हा तात्पुरताच आदेश निघाला.

तो पावसाळा आलाच नाही. मृगाच्या सरी झाल्या, मग ढग नुसते येऊन बघून जाऊ लागले. लातुरात टँकरमागे घागरींच्या रांगा लागल्या, कोरेवाडीची माणसे रोजगार हमीच्या खडीवर गेली. माळ पिवळा पडला, मग करडा. गयाबाईंच्या शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, तरी सुतळीच्या आतल्या गवताला त्यांनी एकही शेळी लागू दिली नाही. सरांनी कापणीचा दिवस नेहमीपेक्षा लवकर ठरवला आणि साहेबांनाही त्याच दिवशी बोलावले.

साहेब जीपमधून आले. हातात फाईल, फायलीत गेल्या वर्षीचा फोटो.

सरांनी त्यांना आधी खुराकाच्या चौकोनाशी नेले. गेल्या वर्षीच्या कमरेएवढ्या मारवेलाने जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकली होती. यंदा ते हिरवे झाले आणि महिन्याभरात वाळून उभ्या उभ्या मोडले. युरियाचे पांढरे दाणे पावसावाचून जिथल्या तिथे पडलेले दिसत होते. मग कोरा. कोरा काही नंदनवन नव्हता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण कुसळी होती, पवना होता, बुडाशी हराळी, आणि दगडाच्या सावलीला रानमेथीचा नखाएवढा हिरवा ठिपका. एक वाळले तर दुसरे तग धरून होते. तोलायला ठेवले तेव्हा कोऱ्याचेच पारडे खाली गेले. थोडेच, पण गेले.

"सर, मला एका ओळीत पाहिजे," साहेब म्हणाले. "खतानं गवत वाढतं, होय का नाही?"

"मागच्या वर्षी होय."

"मग तेच लिहा."

"आणि यंदाचं कुठं लिहू?"

"यंदा दुष्काळ आहे. दुष्काळाचं साल धरत नसतात."

"साहेब, मराठवाड्यात दुष्काळाचं साल धरायचं नाही, तर मग धरायचं काय?"

पाटील खोकले. साहेबांनी आवाज खाली घेतला. "हे बघा हनवते, तुमच्या नोकरीचं मला प्राचार्यांनी सांगितलंय. एक ओळ लिहायला काय जातंय?"

गयाबाई जरा लांब, काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या. बोलणे त्यांना अर्धेच कळत असेल, पण सगळे कशावर अडले आहे ते पुरते कळत होते.

"माळाला भूक आहे, हे खरं," सर म्हणाले. "ज्या वर्षी पाणी असतं, त्या वर्षी भूक दिसती. पण खाऊ घालून वाढवलेल्याला तहान जास्त लागती, आणि पाणी तर आपल्या हातात नाही. सगळ्या माळाला एकाच खुराकावर आणलं, तर पावसाच्या साली गंजी लागतील. कोरड्या साली काहीच उरणार नाही, आणि त्या साली तग धरायला दुसरी जात तिथं शिल्लक नसंल. मी हे दोन्ही लिहितो. एक लिहिणार नाही."

आणि त्यांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, दोन्ही लिहिले. कापणी झालीच होती. सुतळी सोडत सर म्हणाले, "मावशी, आता सोडा शेळ्या." या प्रसंगी शेळ्यांनी कोऱ्या चौकोनाकडे धाव घेऊन विज्ञानाची बाजू राखली असती तर लेखाला शोभा आली असती. परंतु त्या चारी दिशांना गेल्या, आणि त्यांतल्या एकीने साहेबांच्या फायलीची नाडी खाल्ली.

दोन बाजूंचा दाखला योजनेच्या नमुन्यात बसेना. योजना दुसऱ्या तालुक्यात गेली. तिथे पुढे काय झाले ते मी लिहिणार नाही. हा लेख गौरवपर आहे. कोरेवाडीच्या माळाला कुंपण पडले नाही. पुढच्या जूनमध्ये सरांचा आदेशही पडला नाही.

सर किनवटच्या महाविद्यालयात गेले. निघण्याच्या दिवशी लातूरच्या बसस्थानकावर आम्ही चार विद्यार्थी होतो आणि गयाबाई होत्या. तांब्याभर शेळीचे दूध पदराने झाकून त्यांनी एवढ्या लांब आणले होते.

"लेकरा, माझ्या शेळ्यापायी तुझी नौकरी गेली म्हणत्यात."

सर एरवी जपून, बरीचशी पुस्तकी मराठी बोलत. मन हलले की हदगाव बाहेर येई. "न्हाई माय," ते म्हणाले, "गवतापायी गेली. तुमी कशाला मनाला लावून घिऊन राहिल्या?" आणि तांब्या तोंडाला लावून, आम्हा कोणालाही घोट न देता, त्यांनी रिकामा केला.

किनवटला जंगल होते. तिथे सरांनी सागाच्या पाचोळ्यापासून जमिनीला काय आणि किती मिळते, हे पाहायला घेतले. जंगलपट्टीतल्या वस्त्यांवरची मुले वसतिगृहात राहत. सुट्टी लागली की खाणावळ बंद होई; पण परीक्षेमुळे काही जण अडकून पडत. त्यांची जेवणे सरांच्या घरी होत. सुमनताई, म्हणजे सरांच्या पत्नी, भाकरी थापता थापता विचारीत, "आज किती मालक आहेत जेवायला?" त्या मालकांपैकी काही जण आज प्राध्यापक आहेत आणि या ग्रंथात त्यांचे लेख आहेत. त्यांनी भाकरीचा उल्लेख केला नसेल तर मी केला आहे.

पुढे सर नांदेडला आले आणि त्यांनी एक तळे हाती घेतले. वस्तीचे सांडपाणी, धुण्याचा साबण, निर्माल्य असे सगळे त्यात जात होते आणि तळे दाट हिरवे झाले होते. एका नगरसेवकांनी जाहीर सभेत ही आपल्या कारकिर्दीतली हरितक्रांती असल्याचे सांगितले. सरांनी मला तळ्याकाठी नेऊन उलटे तरंगणारे मासे दाखवले. "माळाला खुराक दिला तर दोन गवतं माजतात. तळ्याला दिला तर शेवाळ माजतं, आणि ते सडताना पाण्यातली हवा खातं. मालक, ह्याला वाढ म्हणत नाहीत, अजीर्ण म्हणतात." माझ्या सदराला त्या आठवड्यात मथळा शोधावा लागला नाही. नगरसेवक आजही माझ्याशी बोलत नाहीत. हाही मी सरांचा उपकारच मानतो.

खरे तर हे सदरही सरांचेच. प्रात्यक्षिकाच्या वहीत मी कुंद्याची, म्हणजे शेतातल्या एका चिवट तणाची, मुळे काढली होती. ती एखाद्या दाढीवाल्या गृहस्थासारखी झाली. म्हणून खाली तळटीप दिली, की 'हे गृहस्थ शेतातून जात नाहीत, त्यांना सालगडी करून ठेवावे.' सरांनी शेरा दिला : 'आकृती चूक. टीप उत्तम. मालकांनी टिपाच लिहाव्यात.' पुढे पोटापाण्याचा प्रश्न आला तेव्हा दुसरा कोणताही शेरा माझ्याजवळ नव्हता.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी कोरेवाडीचे तेच चौकोन घेतले होते. सर किनवटला गेलेले, कापणी माझ्या एकट्यावर आलेली, आणि नेमकी त्या आठवड्यात मला कावीळ झाली. डोळे हळदीचे, अंगात उठायचे त्राण नाही. गवत वाळून गेले की वर्ष गेले, आणि माझ्याबरोबर चौकोनांचेही एक साल गेले. सरांना कोणी कळवले मला ठाऊक नाही. ते किनवटहून रेल्वेने आणि मग एस.टी.ने आले, एकट्याने कापले, जातवार वेगळे केले, आणि कागदी पिशव्या माझ्या खाटेखाली सरकवून ठेवल्या. प्रत्येक पिशवीवर माझे नाव. मी उठून बसायला लागलो तेव्हा म्हणाले, "पडा. तुमची एक पाळी मी केली. मला अडचण आली की माझी एक तुम्ही करा, मालक."

त्यांना कधी अडचण येतच नाही, हे मला पुढे कळले. किनवटहून असो वा नांदेडहून, पाऊस ओसरला की सर कोरेवाडीला जात आणि निदान एक कोरा चौकोन तरी कापून आणत. काही दिलेले नाही अशी जमीन वर्षानुवर्षे काय देते, हे कोणीतरी खंड न पडू देता पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दर वर्षी मी म्हणे, "सर, यंदा मी जातो." दर वर्षी सर म्हणत, "सावकाश."

सरांच्या साठीनिमित्त त्यांना शुभेच्छा देण्याचे काम संपादक मंडळाने प्रत्येक लेखकाकडे सोपवले आहे. मी एवढेच इच्छितो, की सरांच्या आयुष्यात पुढची पुष्कळ वर्षे अशीच यावीत, ओली आणि कोरडी दोन्ही. प्रकृती अशी राहावी की ओल्या वर्षी ते भिजावेत आणि कोरड्या वर्षी त्यांनी टोपी घालण्याचे सुमनताईंचे ऐकावे. आणि त्यांना तोलायला माळावर काही ना काही नेहमी उगवत राहावे.

यंदा सरांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली आहे, आणि पाऊस ओसरला आहे. मागच्या रविवारी मी कुणाला न सांगता कोरेवाडीला गेलो. गयाबाई आता नाहीत. त्यांच्या सूनबाई चंद्रकलाबाई शेळ्या घेऊन माळावर होत्या. मला पाहून त्या उठल्या.

"सर न्हाई आले?"

"गुडघा दुखतोय त्यांचा."

"मंग तुमी? इळा धरता येतो का?"

"येतो थोडा."

त्यांनी थोडा वेळ माझे कापणे पाहिले. मग शेळ्या पलीकडच्या अंगाला हाकलून नेल्या.

चौकोन पुरा व्हायला दुपार झाली. संध्याकाळी नांदेडला पोचून सरांच्या घरी गेलो तेव्हा औषधाने त्यांचा डोळा लागला होता. सुमनताईंनी ओठांवर बोट ठेवले. गवत जातवार वेगळे करून पिशव्यांत भरले होते. त्यांवर सरांचे नाव घातले होते. पिशव्या मी त्यांच्या खाटेखाली सरकवून ठेवल्या आणि दार ओढून घेऊन आलो.